मातृभाषा कोणती?

बेळगावात आलेल्या एका कॉलेजच्या प्रतिनिधीला आमचा पुतण्या भेटायला गेला. "मातृभाषा?" साहेबांनी विचारलं. पठ्ठ्या म्हणाला, "आईची कन्नड, बाबांची मराठी!" साहेबांनी फाईल मिटली. "मग सीमाभागाच्या सवलतीत कसा बसणार?"

महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी प्रवेशात वादग्रस्त सीमाभागात राहणाऱ्या, दहावी किंवा बारावी इथूनच उत्तीर्ण झालेल्या, मराठी मातृभाषेच्या मुलांसाठी वेगळी तरतूद आहे. त्यासाठी सीमाभागाचा आणि मातृभाषेचा, असे दोन्ही दाखले लागतात.

आईशी कन्नड, आजीशी मराठी बोलणाऱ्या पोरांचा गोंधळ होणारच. पालकहो, दाखल्यावर काय लिहिलंय ते मुलांना आधीच सांगून ठेवा. आणि उत्तर चुकलं म्हणून रागावू नका. पोर खोटं कुठं बोललं?