खाणीचा राडा खाणीतच राहील

आम्ही पारनेर आणि नगर तालुक्यांतले, खाणपट्ट्याच्या शेजारी ज्यांची शेतं आणि विहिरी आहेत असे लोक, आज एकत्र येत आहोत. खडी सगळ्यांनाच लागते. आमची घरंही तिच्यावरच उभी आहेत. आमचं भांडण आहे ते दगड नेल्यावर जे मागं उरतं त्यावरून.

खाण उघडताना आधी काळी माती खरवडतात, मग मुरूम निघतो. सगळं ओढ्याच्या काठावर लोटून देतात. खाली काळा पाषाण लागला की सुरुंग, क्रशर आणि भुकटी. वळवाचा पहिला पाऊस झाला की हा ढीग ओढ्यात उतरतो. पाणी आटल्यावर नालाबांधाच्या तळाला बोटभर जाड राखाडी थर दिसतो. हातानं निघत नाही, कुदळ घालावी लागते. त्यातून पाणी जिरायचं कसं? बांध भरलेला आणि खालची विहीर कोरडी, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे. राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजारनं पाणी अडवून जिरवायला शिकवलं ते याच पर्जन्यछायेत. श्रमदानानं बांधलेले बांध दुसऱ्याच्या भुकटीनं लिंपले जावेत, हे आम्हाला मान्य नाही.

1957 च्या खनिज कायद्यानं बांधकामाच्या दगडाला गौण खनिज म्हटलं आणि नियम करायचं राज्यांवर सोपवलं. नाव गौण पडलं, तसं लक्षही गौणच राहिलं. 27 फेब्रुवारी 2012 रोजी दीपक कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं पाच हेक्टरांहून लहान खाणींनाही पर्यावरण मंजुरी लागेल असं बजावलं. गोव्यात लोहखनिजाचे डंप भातशेतीत वाहून येत होते. तिथल्या खाणींबद्दलच्या 21 एप्रिल 2014 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं खाणपट्ट्याबाहेर डंप टाकायला मनाई केली, जागा खाणवाल्याच्या मालकीची असली तरीही. हाच दंडक आम्हाला दगडखाणींनाही हवा.

राडा आणि भुकटी पट्ट्याच्या हद्दीतच राहावी. भोवती चर आणि गाळ अडवणारा खड्डा असावा, तो दरवर्षी मे महिन्यात उपसलेला असावा, आणि ग्रामसभेनं नेमलेल्या माणसांनी तो जाऊन पाहावा. काळी माती वेगळी राखावी. ती व्हायला कित्येक पिढ्या जातात. तिला राडा म्हणणंच आम्हाला सोसत नाही. खाण संपली की तोच राडा खड्ड्यात परत भरावा, वर ती माती पसरावी, आणि ते होईपर्यंत अनामत रक्कम सोडू नये. पडीक खाणीत कारखान्याची घाण आम्ही टाकू देणार नाही. खाणीच्या भेगांतूनच आमच्या विहिरींना पाझर येतात.

2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत आपापल्या गावी हा ठराव मांडा. शेजारच्या खाणीच्या मंजुरीत काय अटी आहेत, हे बहुतेकांनी कधी वाचलेलं नाही. माहितीच्या अधिकारासाठी अण्णा हजारे लढले ते याच मातीतून. ग्रामसभेला येताना दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट आणा. त्या अटी मागायचा अर्ज तिथंच बसून लिहू.