एप्रिलमध्ये लेह? थांबा जरा!

मार्च लागला की माझा मोबाइल ट्रॅव्हल एजन्सीचा होऊन जातो. ‘तू लडाखला जाऊन आलीयेस ना? एप्रिलमध्ये वेदर कसं असतं गं?’ परवा हाच प्रश्न हिंजवडीतल्या एका मैत्रिणीने टाकला. चौघांचा ग्रुप, टीम लीडच्या हातापाया पडून मिळवलेली नऊ दिवसांची रजा, दोन बुलेट आणि मनालीमार्गे लेह. बुकिंग रात्रीच करणार होते. मी ऑटोतच ओरडले, ‘अगं बाई, थांब!’

कारण सोपं आहे. 2020 साली अटल टनेल सुरू झाला, त्यामुळे मनालीहून लाहौलला पोचणं सोपं झालं हे खरं. पण त्यापुढे सुमारे 16,000 फुटांवरचा बारालाचा आहेच की! तो बहुतेक वर्षी एप्रिलच्या अखेरीपर्यंत, कधीकधी मेमध्येही बर्फाखाली असतो. श्रीनगरकडून येणारा झोजिला त्यामानाने लवकर उघडतो. 2023 मध्ये तो 68 दिवसांनी 16 मार्चला उघडला, 2025 मध्ये 32 दिवसांनी 1 एप्रिलला. पण ‘उघडला’ म्हणजे गुळगुळीत एक्स्प्रेसवे नव्हे हं. दोन्हीकडे बर्फाच्या भिंती, मधे चिखल, आणि एक हिमवर्षाव झाला की पुन्हा गेट बंद. नऊ दिवसांच्या रजेत असा जुगार खेळायचा नसतो, बॉस.

आता मूळ प्रश्न, वेदर. लडाख हे वाळवंट आहे हे आपल्या डोक्यात शिरतच नाही, कारण वाळवंट म्हटलं की आपल्याला उंट आणि घाम आठवतो. (उंट तिथेही आहेत, नुब्रात, दोन मदारींचे.) लेहमध्ये वर्षभरात मिळून साधारण 100 मिलिमीटर पाऊस-बर्फ पडतो. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पडला होता. म्हणजे लेहची नऊ वर्षं आपण एका दिवसात संपवली! मान्सूनला हिमालय आडवा येतो, त्यामुळे लडाखची भिस्त असते ती हिवाळ्यात आणि वसंतात भूमध्य समुद्राकडून सरकत येणाऱ्या पश्चिमी विक्षोभांवर. तेच तिथले ढग, तेच तिथलं बर्फ आणि तेच तुमची फ्लाइट रद्द करणारे व्हिलन.

मार्च विसरा, रात्री पाणी गोठतं. एप्रिलमध्ये दुपारी साधारण 12-13 डिग्री, रात्री पारा शून्याच्या आसपास. उन्हात टी-शर्ट, सावलीत जॅकेट, असा प्रकार. दुपारनंतर असा वारा सुटतो की चहाच्या कपात वाळू. शाम भागातल्या खालच्या गावांत एप्रिलच्या सुरुवातीला जर्दाळू फुलतो, लेहच्या बाजूला थोडा उशिरा. करडे डोंगर आणि मधेच गुलाबी-पांढरी झाडं, फोटो सॉलिड येतात.

मैत्रिणीला एवढ्याने समाधान नव्हतं. ‘हवामान खात्याचा मार्च ते मेचा अंदाज येतो ना? त्यात सरासरीपेक्षा कमी म्हटलं की आपल्याला मस्त ऊन!’ इथे दोन घोळ आहेत. पहिला म्हणजे तो अंदाज तीन महिन्यांचा असतो, आणि तोही शक्यतेच्या भाषेत. 14 एप्रिलला तुमच्या बुलेटवर काय पडेल हे तो सांगत नाही. त्यासाठी निघण्याच्या चार-पाच दिवस आधी लेहच्या हवामान केंद्राचा अंदाज बघायचा. 3,500 मीटरवरचं हे केंद्र 2020 च्या डिसेंबरमध्ये सुरू झालं.

दुसरा घोळ मला फोनवर कळला. मी ज्यांच्या होम-स्टेत राहिले होते त्या आचेंना (लडाखीत आचे म्हणजे ताई) सहज विचारलं, यंदा ऊन कसंय? त्या म्हणाल्या, ‘नोमो, ऊन खूप आहे. वरच्या उतारावर बर्फ दिसत नाही.’ आवाजात जराही आनंद नव्हता.

त्यांच्या शेतात जव पेरायचा असतो. पहिलं पाणी हवं एप्रिल-मेमध्ये, आणि उंचावरच्या हिमनद्या खऱ्या वितळतात जूनपासून. मधले दोन महिने भागवतं ते गावाच्या डोक्यावरचं हिवाळ्यातलं बर्फ. ते कमी असलं की ओढा बारीक. मग छुरपोन, म्हणजे गावाने नेमलेला पाणी वाटणारा माणूस, पाळ्या लावतो आणि शेवटचं शेत कोरडं राहतं. आचेंचं शेत शेवटचं आहे! गेल्या खेपेला मी त्या बांधावर बसून त्यांचा खारट लोणीचहा प्यायले, फोटो काढले, पण हे विचारायचं काही सुचलं नाही. मास कॉमची डिग्री कशाला घेतली कोण जाणे.

याच दोन महिन्यांसाठी चेवांग नोर्फेल या इंजिनिअरने ओढ्याचं पाणी हिवाळ्यात अडवून, गोठवून कृत्रिम हिमनद्या केल्या. त्यांना 2015 मध्ये पद्मश्री मिळाली. पुढे सोनम वांगचुक यांनी 2013-14 च्या हिवाळ्यात बर्फाचा स्तूप उभारून पाहिला. पाइपने उंचावरून आलेलं पाणी कारंज्यासारखं उडवायचं, कडाक्याच्या थंडीत ते गोठून शंकू होतो. शंकूला ऊन कमी पृष्ठभागावर लागतं, म्हणून तो सपाट बर्फापेक्षा सावकाश वितळतो. आचेंच्या गावात मात्र स्तूप नाही. पाइप टाकायचा म्हणजे पैसे आणि हिवाळ्यात रात्री जागणारी माणसं लागतात, आणि गावातली तरुण पोरं लेहमध्ये टॅक्सी चालवतात. आपल्याला पँगाँगला नेतात ती तीच.

मैत्रिणीला हे सगळं सांगितलं. ती जरा वेळ गप्प, मग म्हणाली, ‘मग आम्ही यायचंच नाही का?’ असं कुठे म्हटलं मी? या, पण बुलेट जूनसाठी ठेवा. एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात सकाळच्या विमानाने या आणि परतीनंतर एक दिवस रजेचा मोकळा ठेवा. पहिले दोन दिवस खोलीत नुसतं लोळायचं. मी पहिल्याच संध्याकाळी बाजारात हिंडले होते आणि रात्रभर उलट्या करत ऑक्सिजन लावून पडले होते, चूक शंभर टक्के माझी. आणि बादलीभर पाण्यात आंघोळ करा, शॉवरखाली गाणी म्हणू नका.

ग्रुपने शेवटी 20 एप्रिलचं विमान घेतलं आणि आचेंच्याच दोन खोल्या. मी आचेंना कळवायला फोन केला, काही पाठवू का विचारलं. म्हणाल्या, मागच्या वेळी करून घातलेस ते पोहे पाठव, जाडे. आणि थोडं थांबून, काल रात्री वर ढग आले होते, पण नुसतेच आले.