तर्तियाचा हात

बायबलचे अक्षरन् अक्षर वरून उतरले, त्यात माणसाचा हात शोधणे ही अश्रद्धा, असे गेल्या अंकातले पत्र म्हणते. मग शुभवर्तमान लिहिणाऱ्या लूकचे काय करायचे? आरंभीच तो सांगतो, की सगळे नीट तपासून क्रमवार लिहितो आहे. रोमकरांस पत्र पौलाने सांगितले, उतरवले तर्तियाने. सोळाव्या अध्यायात तो स्वतःचा सलामही घुसवतो. (लेखनिकाची ही हौस मला फार आवडते.) सच्चिदानंदबाबांनी उतरून घेतली म्हणून ज्ञानेश्वरी कुणी कमी मानली? प्रेरणा मीही मानतो. भाषांतर मूळ लेखनाहून वेगळे, हे मान्य. पण केडगावात पंडिता रमाबाई 1922 मध्ये मृत्यूने गाठेपर्यंत हिब्रू-ग्रीकवरून मराठी बायबल घडवत होत्या. ते कष्टही पत्रलेखकांच्या हिशेबात नाहीत?
— एक ख्रिस्ती वाचक, कोल्हापूर