खटाव नक्की कुठलं?

आमचं गाव वडूज, तालुका खटाव. तालुक्याची कचेरी वडूजला, आणि खटाव नावाचं गाव त्याच तालुक्यात वेगळंच. शेजारचा तालुका माण, त्याची कचेरी दहिवडीला. पुण्यात हिंजवडीला लागूनही एक माण आहे. तिथल्या ट्रॅफिकमध्ये अडकून घरी फोन केला, "माणमध्ये आहे", की आई म्हणते, "मग जेवायला घरीच ये की!"

एक्सएमएलमधलं नेमस्पेस म्हणजे एवढंच. नाव तेच, पण कोणाच्या हद्दीतलं ते सांगायचं. एक्सएमएल आलं १९९८ मध्ये, नेमस्पेसचे नियम जानेवारी १९९९ मध्ये आणि एक्सएसएलटी १.० त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये. टॅगच्या आधी कोलन देऊन लिहितो तो प्रीफिक्स हे नुसतं टोपणनाव. खरी ओळख त्यामागचा यूआरआय. तो दिसतो वेबसाइटच्या पत्त्यासारखा, पण पार्सर तिथे जाऊन काही बघत नाही.

नवशिका अडकतो तो पुढे. फाइलमध्ये प्रीफिक्स कुठेच दिसत नाही, पण वरच्या रूट टॅगवर डिफॉल्ट नेमस्पेस असतं. एक्सएसएलटी १.० मध्ये तुम्ही नुसतं 'गाव' लिहिलंत, तर त्याचा अर्थ 'कुठल्याच नेमस्पेसमध्ये नसलेलं गाव'. मग टेम्प्लेट जुळत नाही, एररही येत नाही. उपाय साधा आहे. तोच यूआरआय स्टाइलशीटमध्ये एखाद्या प्रीफिक्सला बांधा आणि 'ग:गाव' लिहा. प्रीफिक्स कुठलाही चालेल, यूआरआय मात्र अक्षर न् अक्षर तोच हवा.

पण लोक काय करतात? लोकल-नेम() वापरून नेमस्पेसकडे सरळ काणाडोळा करतात. मीही केलाय. एका प्रोजेक्टमध्ये दोन सिस्टिम्सचा डेटा एकाच फाइलमध्ये यायचा. 'रक्कम' दोन्हींची होती, एक कर धरून, एक कर सोडून. माझ्या स्टाइलशीटने दोन्ही बिनबोभाट एकत्र केल्या. आठवडाभर चुकीचे आकडे पुढे जात राहिले. लॉगमध्ये एक एरर नाही! शेवटी हिशोब बघणाऱ्या बाईंनी पकडलं.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे, की नेमस्पेस हा 'ॲडव्हान्स्ड टॉपिक' नाहीच. तो पहिल्या दिवशी टॅगबरोबरच शिकवावा. एरर आली की निदान कळतं तरी. चुकीच्या खटावला गेलेलं पत्र मात्र पोचलेलंच दिसतं.

असो. आईला आता मी "हिंजवडीचं माण" असं सांगतो :)