विश्लेषण : 'लाइन मारणं', 'छेडछाड' की विनयभंग? तक्रारीतला शब्द का महत्त्वाचा?

कॉलेजच्या गेटवर रोज उभा राहणारा मुलगा स्वतः म्हणतो, 'लाइन मारतोय'. मित्र म्हणतात, 'पटवतोय'. मुलीच्या घरी त्याला 'छेडतो' म्हणतात आणि पोलीस ठाण्यात त्याच प्रकाराचा 'विनयभंग' होऊ शकतो. मराठी, हिंदी, झाडीबोली आणि पोवारी एकाच बाजारात ऐकू येणाऱ्या गोंदिया जिल्ह्यात तर घडलेली गोष्ट कागदावर येईपर्यंत दोन-तीनदा शब्द बदलते. कोर्टात मात्र नेमकं काय बोललं, काय केलं, हेच तपासलं जातं.

'आय लव्ह यू' प्रकरणात काय झालं?

घटना २०१५ची, नागपूर जिल्ह्यातली. शाळेतून घरी जाणाऱ्या १७ वर्षांच्या मुलीला एकाने रस्त्यात अडवलं, हात धरला, नाव विचारलं आणि 'आय लव्ह यू' म्हटलं. २०१७ मध्ये सत्र न्यायालयाने त्याला तीन वर्षांची शिक्षा सुनावली. जून २०२५च्या अखेरीस मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ती रद्द केली. न्यायमूर्ती ऊर्मिला जोशी-फलके यांच्या निकालानुसार, हे शब्द उच्चारल्याने लैंगिक हेतू आपोआप सिद्ध होत नाही. तो दाखवणारं आणखी काहीतरी पुराव्यात असावं लागतं.

गोंदियातले खटलेही अपिलात याच खंडपीठाकडे जातात. त्यामुळे हा निकाल इथल्या तक्रारदारांसाठी दूरचा नाही.

इंग्रजीत तरी शब्द स्थिर आहेत का?

अजिबात नाही. १६व्या शतकात 'फ्लर्ट' म्हणजे टोमणा मारणं किंवा झटका देणं. प्रेमाचा खेळ हा अर्थ रुळला १८व्या शतकात. 'कोकेट', म्हणजे नखरेल बाई, हा फ्रेंच 'कोंबडा' या शब्दापासून आलेला. जेन ऑस्टिनच्या काळी 'मेकिंग लव्ह' म्हणजे शब्दांनी केलेलं प्रियाराधन. आज त्याचा अर्थ थेट शरीरसंबंध. मराठीतही तार छेडतात आणि मुलगीही 'छेडतात'. क्रियापद एकच, त्यामुळे त्रासालाही गमतीचा सूर लागतो.

'ईव्ह टीझिंग' का टाळतात?

हा शब्द भारतीय इंग्रजीचा. 'ईव्ह' म्हणजे बायबलमधली मोहात पडणारी पहिली स्त्री, 'टीझिंग' म्हणजे चिडवणं. एका शब्दात दोष बाईकडे आणि गुन्हा हलका. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये काढलेल्या पुस्तिकेत या शब्दाऐवजी 'रस्त्यावरील लैंगिक छळ' असं म्हणण्याची सूचना आहे. मराठी मथळ्यांत 'रोडरोमिओ' अजून ठाण मांडून आहे. ज्युलिएटचंही रोमिओवर प्रेम होतं, हे मथळा देणारे विसरतात!

मग तक्रारीत काय लिहायचं?

१ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेत हे प्रकार वेगवेगळ्या कलमांत येतात. विनयभंगाच्या हेतूने बळाचा वापर किंवा हल्ला केल्यास कलम ७४, शिक्षा एक ते पाच वर्षे. अश्लील शेरेबाजी कलम ७५ मध्ये, एक वर्षापर्यंत. नको असलेला लैंगिक स्पर्श त्याच कलमात, पण तीन वर्षांपर्यंत. मुलीने नकार स्पष्ट केल्यावरही पुन्हा पुन्हा मागे येणं, मेसेज करणं हा पाठलाग, कलम ७८. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत शिक्षा.

म्हणूनच तक्रारीत नुसतं 'छेड काढली' लिहून भागत नाही. तो ज्या भाषेत बोलला त्याच भाषेत त्याचे शब्द, हात कुठे लावला, किती दिवस मागे आला, नकार कधी आणि कसा दिला, हे सगळं लिहावं. मेसेज डिलीट करू नयेत. शब्द शिवीचे असले तरी लाजून 'वाईट बोलला' असं लिहू नये; कोर्टात नेमकं तेच वाक्य लागतं. तातडीच्या मदतीसाठी ११२, महिला हेल्पलाइन १८१.