आमच्या क्रूमध्ये तेलुगू का नव्हती?

आमच्या कॉलेजातला रॅप क्रू जेमतेम चौदा महिने चालला. दोन गॅदरिंग, एका गणपती मंडळाचा कार्यक्रम, यूट्यूबवर तीन गाणी, खलास. चौघं रॅप करायचे, मी कॅमेरा धरायचे आणि इन्स्टा सांभाळायचे. का फुटला असं विचारलं की सगळे सांगतात, परीक्षा आल्या, एक जण पुण्याला गेला, पैसे नव्हते. खरंय सगळं. पण जो सगळ्यात आधी सोडून गेला तो पुण्याला गेलाच नव्हता. तो इथंच, पूर्व भागात होता.

घरी तेलुगू बोलणारा पोरगा. वडील यंत्रमागावर, आई विड्या वळायची. एकदा कंबर तलावावर बसलो असताना त्यानं तेलुगूत आठ ओळी ऐकवल्या. मला एक शब्द कळला नाही, पण ताल पक्का होता, मान आपोआप हलत होती. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "काय बे, साऊथचा पिच्चर लावला का?" सगळे हसले. मीही हसले. पुढच्या गाण्यात त्याचं कडवं आम्ही मुंबईच्या हिंदीत लिहून घेतलं, 'बंटाय' वगैरे टाकून. सोलापुरात कोण कुणाला बंटाय म्हणतं, सांगा? दोन महिन्यांत त्यानं यायचं बंद केलं.

हे आठवायचं कारण 'स्वदेशी'. मुंबईचा हा क्रू मी आधीही ऐकला होता, पण इंटर्नशिपच्या निमित्तानं या महिन्यात नीट ऐकला. एमसी मवाली मराठीत, एमसी तोडफोड गुजरातीत, सोबत अमरावतीचा 100 आरबीएच. ज्याची जी भाषा, त्यात तो. 2019 च्या 'गली बॉय'मधल्या 'इंडिया 91' गाण्यातही ही पोरं आहेत, तिथं विवेक राजगोपालन यांच्या दाक्षिणात्य तालावर रॅप चालतो. त्याच वर्षी त्यांनी आरेच्या जंगलावर 'द वारली रिव्होल्ट' केलं. त्यात आरेतल्या पाड्यावर राहणारे प्रकाश भोईर स्वतः गातात. ऑक्टोबरमध्ये आरेत झाडांवर करवत चाललीच, दोन हजारांवर झाडं गेली. गाण्यानं ती वाचली नाहीत. पण ज्यांच्या घराची गोष्ट होती त्यांचा आवाज त्या गाण्यात होता, आणि त्यांना कुणी 'आधी हिंदीत म्हणा' असं सांगितलं नाही.

तोडफोड, म्हणजे धर्मेश परमार, 20 मार्च 2022 ला गेला. वय फक्त 24. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. त्याचं गुजराती रॅप ऐकताना मला कंबर तलावच आठवला. शब्द कळत नाहीत, मान हलते.

यावर आमच्याच क्रूमधला एक जण म्हणतो, तेलुगू रॅप सोलापुरात ऐकणार कोण? अरे, अर्धा पूर्व भाग ऐकेल, पुढं हैदराबाद आहेच. आणि आपली हिंदी गाणी तरी कुणी ऐकली? त्यातले निम्मे व्ह्यूज आपलेच होते! इथं एका चौकात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू ऐकू येते. मुंबईतल्या पोरांना एवढं एका गल्लीत मिळालं असतं तर त्यांनी काय काय केलं असतं. आपण मात्र माइक हातात आला की धारावीचे होतो. क्रू चौदा महिन्यांत संपला याचं मला एवढं वाईट वाटत नाही, ग्रुप फुटतातच. पण त्या चौदा महिन्यांत आमच्या गाण्यांत सोलापूर कुठंच नव्हतं.

यंदाच्या युवा महोत्सवासाठी दोन नवे क्रू तयारी करतायत. एकाची प्रॅक्टिस बघून आले. परत बंटाय.

मागच्या आठवड्यात मी त्याला मेसेज केला, त्या आठ ओळी पाठवशील का, पेपरात लिहितेय. तो आता एका टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो. रात्री उत्तर आलं. ओळी वहीत होत्या, वही बहुतेक रद्दीत गेली, आईला विचारून बघतो म्हणाला.