शब्दांची गंमत : टू लूट

दोस्तांनो, संक्रांतीला येवल्यात पतंग कापला गेला की मुलं रस्त्यावर का धावत सुटतात? पतंग लुटायला! दसऱ्याला आपण सोनं लुटतो, सहलीला गेलो की मजा लुटतो. आणि रिक्षावाल्यानं जास्त पैसे घेतले की आई म्हणते, “लुटलं हो मेल्यानं!”

आजचं इंग्रजी क्रियापद हेच. लूट, लूटेड, लूटेड. ते इंग्रजांनी आपल्याकडूनच उचललं. मूळ संस्कृतात. कुणी ‘लुण्ठ्’ म्हणजे लुबाडणे हा धातू दाखवतं, तर कुणी चोरीचा माल या अर्थाचा ‘लोप्त्र’ हा शब्द. त्यातून हिंदीत, मराठीत ‘लूट’ आली आणि कंपनीच्या गोऱ्या सैनिकांच्या तोंडी बसली. हिंदुस्थानी शब्दांचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ नावाचा मोठा मजेदार कोश यूल आणि बर्नेल यांनी 1886 साली काढला. त्यात म्हटलंय की 1841 ची चीनची लढाई, मग क्रिमियाची, मग 1857 चं बंड, या काळात हा शब्द इंग्रजीत रुळला. 1860 साली इंग्रज आणि फ्रेंच सैन्यानं पेकिंगचा उन्हाळी राजवाडा लुटला. तिथं सापडलेलं एक चिमुकलं कुत्रं एका कप्तानानं व्हिक्टोरिया राणीला भेट दिलं. राणीच्या घरी त्याचं नाव काय पडलं असेल? ‘लूटी’!

आता वापराकडे बघू, कारण इथं परीक्षेत मार्क जातात. आपण माणसालाही लुटतो आणि दुकानही लुटतो. इंग्रजीत तसं नाही. दंगलीत दुकान फोडून माल नेला तर ‘दे लूटेड द शॉप’. वाटेत माणसाला अडवून घड्याळ काढून घेतलं तर ‘दे रॉब्ड हिम’. गुपचूप सायकल पळवली तर ‘ही स्टोल द सायकल’. लढाई, दंगल, आग, पूर अशा गोंधळात उघड उघड नेलं, तरच शक्यतो लूट. आणि ‘वुई लूटेड फन’ असं चुकूनही लिहू नका हं! तिथं ‘वुई हॅड ग्रेट फन’. सोनं लुटण्यातला आनंद इंग्रजांच्या लुटीबरोबर गेलाच नाही.

नाशिककरांच्या जिव्हाळ्याची गोष्ट पुढेच आहे. त्र्यंबकेश्वराच्या देवळात एक मोठा हिरा होता. सुमारे 90 कॅरटचा, निळसर झाक असलेला. 1818 साली पेशवाई बुडाली आणि दुसऱ्या बाजीरावाकडून तो कंपनीच्या हाती गेला. त्याच वर्षी तो लंडनच्या बाजारात पोहोचला. ‘नासाक डायमंड’ हे त्याचं नाव. नासाक म्हणजे आपलं नाशिकच. 1837 साली लिलावात त्याचे 7,200 पौंड आले. मग वेस्टमिन्स्टरच्या उमरावानं तो आपल्या तलवारीच्या मुठीत बसवला. पुढे 1940 मध्ये न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टन या जवाहिऱ्यानं त्याला नवे पैलू पाडले, तेव्हा वजन उरलं 43.38 कॅरट. 1970 साली न्यूयॉर्कलाच तो पाच लाख डॉलरना विकला गेला.

मात्र त्या वेळच्या इंग्रजांना विचारलं असतं तर त्यांनी याला लूट म्हटलं नसतं. त्यांचा शब्द होता ‘प्राइझ’. होय, शाळेत आपल्याला मिळतं तेच! लढाईत हाती आलेली मालमत्ता विकायची आणि पैसे हुद्द्याप्रमाणे वाटून घ्यायचे, असा त्यांचा कायदाच होता. दख्खनच्या या ‘प्राइझ मनी’साठी त्यांच्यातच वर्षानुवर्षं भांडणं चालली. शिपायानं परवानगीशिवाय घरातून भांडं उचललं तर ती लूट. वरिष्ठांच्या हुकमानं खजिना नेला तर ते प्राइझ. शब्द आपला घेतला खरा, पण स्वतःला लावायचं टाळलं. मला तरी ही हातचलाखी हिऱ्यापेक्षा चमकदार वाटते.

आता तुमच्यासाठी काम. ‘इंग्रजांनी त्र्यंबकेश्वरचा हिरा नेला’ याचं इंग्रजी करा. टुक, सीझ्ड, अ‍ॅक्वायर्ड, लूटेड. यातलं कोणतं क्रियापद घ्याल, आणि का? आईबाबांनाही विचारा. घरात दोन मतं निघाली तर दोन्ही लिहून पाठवा.